बाळाविना सव्वा महिना

आमच्या समाजात काही आजार दिवाणखान्यात सांगण्याजोगे आहेत, काही नाहीत. मधुमेह, रक्तदाब ह्यांची चर्चा पाहुण्यांसमोर चहा घेता घेता चालते; कोणाच्या हृदयात किती स्टेंट बसविले हे त्याच्या व्याह्यांनाही तोंडपाठ असते, व ते सांगताना थोडा अभिमानही डोकावतो. परंतु गर्भाशयाचे नाव निघाले की बायका आवाज उतरवितात आणि पुरुष वर्तमानपत्र उचलतात. ‘तिचं जरा पिशवीचं आहे’ एवढ्यावर तो विषय मिटतो. ह्या ‘पिशवी’ शब्दाचे आम्हास नेहमीच नवल वाटत आले आहे. घरातील लहानथोर सर्व मंडळींनी जेथे नऊ महिने बिनभाड्याचे वास्तव्य केले, त्या जागेस आम्ही भाजी आणण्याच्या वस्तूचे नाव दिले, आणि ती रिकामी झाली की तिची काढघाल ही जणू माळा आवरण्यापैकीच एक गोष्ट ठरविली!

आमचे वय ६३. मुलुंडला पूर्वेकडे एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन घरांत आमचे एकत्र कुटुंब राहते. दारे दोन, पण चूल एक. सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या असून त्यांचे कान व मत दोन्ही शाबूत आहेत. आमची पाळी जाऊन बारा वर्षे लोटली होती. गेल्या ज्येष्ठात एके दिवशी पातळावर रुपयाएवढा रक्ताचा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच संध्याकाळी आम्ही ते थोरल्या सुनेस सांगितले. सांगण्यास धैर्य लागले असे मुळीच नाही; आमच्या एका मावसबहिणीने हीच गोष्ट ‘उष्णतेने झालं असेल’ म्हणून सबजाचे पाणी पीत आठ महिने लपविली होती, व त्याचा परिणाम आम्ही जवळून पाहिला होता, इतकेच.

येथे वाचकभगिनींस एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावयास हवी. पाळी पुरते वर्षभर बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर ती तपासणीची गोष्ट आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण बहुतेक जणींच्या बाबतीत वयोमानाने नाजूक झालेले अस्तर किंवा एखादी निरुपद्रवी गाठ एवढेच निष्पन्न होते. तथापि अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीस गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. आणि हा रोग बहुधा आरंभीच असा रक्ताचा इशारा देतो, हीच त्यातल्या त्यात त्याची सभ्यता होय. जी त्या इशाऱ्याकडे पाहते ती बहुधा बरी होते.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या स्त्रीत ती ४ मिलिमीटरपर्यंत असल्यास बहुधा काळजी नसते. आमची ११ भरली. मग अस्तराचा तुकडा काढून तपासावयास पाठविला. आठवड्याने अहवाल आला, त्याचा मराठीत अर्थ असा की, अस्तराच्या पेशी वाजवीपेक्षा अधिक वाढल्या असून त्यांचे रूप बिघडू लागले आहे. आज कर्करोग म्हणता येत नाही. परंतु अशा अहवालाच्या स्त्रियांचे गर्भाशय काढून तपासले असता पुष्कळ जणींत तो आधीच कोठेतरी दडलेला सापडतो. आमच्या वयास ह्यावर ठरलेला उपाय एकच: गर्भाशय, बीजकोश व बीजवाहिन्यांसह, काढून टाकणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काकू, घाई नको, पण उशीरही नको. आठवडे मोजा, महिने मोजू नका.”

त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात जी बैठक भरली तिच्यात तीन मते पडली. सासूबाई म्हणाल्या, “आता चातुर्मास लागतोय. गौरी-गणपती होऊ दे, दसरा-दिवाळी होऊ दे, मग निवांत कर. इतकी वर्षं थांबलंय ते चार महिने नाही थांबायचं?” यजमान काहीच बोलले नाहीत, ते चष्मा पुसत राहिले. भावजींनी मात्र निराळाच मुद्दा काढला. हल्ली ऊठसूट पिशवी काढतात, त्यात दवाखान्यांची कमाई असते, असे त्यांचे म्हणणे.

भावजींची शंका पोकळ नव्हती, हे आम्ही त्याच वेळी कबूल केले. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची हकीकत २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रापुढे आली. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येकींचे वय चाळिशीच्याही आत होते. पाळीच्या दिवसांत फडावर खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, तेव्हा ते दुखणेच नको, असे त्यांना वाटे; आणि साध्या पांढऱ्या जाण्याच्या तक्रारीवरही ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून शस्त्रक्रिया उरकणारे खाजगी दवाखाने तयारच होते. ज्या शस्त्रक्रियेने आमच्यासारखीचा जीव वाचावयाचा, तीच तेथे तरण्या बायकांचे आरोग्य लुबाडीत होती. त्या बाया पुढे किती दिवसांत उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढल्या असतील, ह्याचा विचार त्या रात्री आमच्या मनात आला नाही. तो पुढे, अंथरुणावर पडल्यापडल्या, फार वेळा आला.

तेव्हा शंकेचे निरसन करण्याचा रास्त मार्ग आम्ही धरला. घाटकोपरच्या दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सर्व कागद व त्या तुकड्याच्या काचा नेऊन त्यांचे स्वतंत्र मत घेतले. त्यांचा पहिल्या डॉक्टरांशी परिचयही नव्हता. मत मात्र तेच पडले. येताना धिम्या लोकलमध्ये यजमान खिडकीकडे पाहत एवढेच म्हणाले, “गौरी दरवर्षी येतात.” तेथे प्रश्न मिटला. आषाढाच्या अखेरचा दिवस ठरला. सासूबाईंनी डॉक्टर बाई आहेत ना, एवढे एकदा विचारून घेतले. त्यांच्या पिढीची ती भीड. पुरुषाच्या हाती तपासणी नको म्हणून बायका मरण पत्करीत, म्हणून तर १८८३ साली विलायतेहून डॉक्टर एडिथ पीची मुंबईस आल्या व १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले.

मध्ये तीन आठवडे होते, व ते रिकामे नव्हते. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो ही पूर्वतपासणी झाली. भूलतज्ज्ञांनी अर्धा तास बसवून प्रश्न विचारले: कोणत्या गोळ्या चालू, दात खरे की बसविलेले, जिना चढताना धाप लागते का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या केव्हा थांबवावयाच्या हे त्यांनाच विचारावे, शेजारणीस विचारू नये. तीन रंगीत चेंडूंचे एक प्लॅस्टिकचे यंत्र मिळाले, त्यातून श्वास आत ओढून चेंडू वर चढवावयाचे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसात कफ साठत नाही. नातवाने त्याचा सामना लावला व रोज आम्हास हरविले.

आमची खरी तयारी निराळीच चालली होती, ती स्वयंपाकघरात. भाजणी दळून ठेव, मेतकूट कर, चकलीचा सोऱ्या कोठे आहे तो दाखव, गौरीच्या नैवेद्याच्या सोळा भाज्यांची यादी लिहून दे. ह्या कामांत आम्ही इतके रमलो की एके दुपारी थोरली सून दारात उभी राहून म्हणाली, “आई, तुम्ही दवाखान्यात चाललाय की वनवासाला?” आम्ही हसलो. वास्तविक हात थांबले की भीती वाटे, म्हणून ते चालू होते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे अंगावरील धातू उतरविण्यास सांगितले. बांगड्या निघाल्या, जोडवी साबण लावून निघाली. मंगळसूत्राशी हात अडला. चाळीस वर्षांत ते तुटल्यावाचून गळ्याबाहेर गेले नव्हते. सासूबाईंनी हे आधीच ओळखून सुनेपाशी हळदीच्या दोऱ्यात ओवलेले हळकुंड देऊन ठेवले होते. सिस्टरने कपाळाला आठी न घालता ते आमच्या मनगटावर पट्टीखाली बांधले. पन्नाशीची ती मलबारी बाई म्हणाली, “सगळे असेच करतात.” आम्हास हायसे वाटले.

भुलीत जाताना काय आठवले हे लोक फार रंगवून सांगतात. आम्हास आठवला लांगेनबेक. ग्यॉटिंगेनच्या ह्या शल्यवैद्याने १८१३ साली योनिमार्गाने एका बाईचे गर्भाशय काढले, तेव्हा भूल देण्याची विद्याच जगात आली नव्हती. त्याच्या समव्यवसायींनी ते खोटे मानले. पुढे पंचवीसेक वर्षांनी ती बाई म्हातारपणाने वारली, तेव्हा शवविच्छेदनाने त्याचे म्हणणे खरे ठरले. ती बाई वाचून इतकी वर्षे जगली, हे आदल्या रात्री वाचले होते. तिचे नाव कोणी सांगत नाही, त्याचे सर्वजण सांगतात, असा काहीसा रागाचा विचार मनात असतानाच डोळे मिटले.

आमची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोटावर चार लहान छिद्रे, बाकी काम आत. वेदना बेताची होती. त्रास दिला तो खांद्याने. पोट फुगविण्यास आत वायू सोडतात, त्याचा अंश राहिला की उजवा खांदा दुखतो, हे आधी ठाऊक नसते तर हृदयाचेच दुखणे म्हणून आम्ही घर डोक्यावर घेतले असते. त्याच संध्याकाळी धरून उठविले व चार पावले चालविले. पोटऱ्यांवर घट्ट मोजे होते, कारण पडून राहिल्याने पायात रक्त गोठण्याचे भय असते. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, तिसऱ्या दिवशी घरी आलो. जखमा दोन आठवड्यांत अशा बुजल्या की डास चावल्याच्या खुणा वाटाव्यात. आणि येथेच घात होतो.

कारण खरी जखम आत असते. गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भाग टाक्यांनी शिवलेला असतो. तो बळकट होण्यास सहा आठवडे व अधिकही लागतात. तोवर दोन-तीन किलोंहून जड उचलू नये, कुंथू नये, वाकून फरशी पुसू नये, पतिपत्नींनी संयम पाळावा. थोडा डाग दिसणे काही आठवडे चालते. परंतु पाळीसारखे रक्त, दुर्गंधी स्राव, ताप, एका पोटरीची सूज, धाप, किंवा लघवी अडणे, ह्यांपैकी काही झाल्यास रात्र काढू नये. हे सर्व एका कागदावर छापून मिळते. कागद फ्रिजवर लागतो. परंतु भरलेला पाच लिटरचा कुकर, तांदळाचा डबा, पाण्याची कळशी व झोपेत आलेला पाच वर्षांचा नातू ह्यांचे वजन त्या कागदावर नसते.

घरी आल्यावर सासूबाईंनी आमचा ताबा घेतला. त्यांच्या दृष्टीने पोटाचे दुखणे म्हणजे बाळंतपण. दुसरी व्यवस्था त्यांना ठाऊक नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, पोटाला पट्टा! शेकास डॉक्टरांनी साफ मनाई केली, लाडवांस आमच्या साखरेने केली. इसबगोल तेवढे दोन्ही पक्षांस मान्य झाले. मंडळींस हसू येत होते, आम्हासही आले. तथापि त्या रात्री आम्ही मनाशी हिशेब केला तो असा: डॉक्टरांचे सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आमच्या घरात बाळंतिणीस जो सव्वा महिना देतात तो चाळिसाच्या जवळपासच येतो. आमच्या आज्या-पणज्यांनी शिवलेले टाके पाहिले नव्हते. पण पोटातले अवयव जागी बसावयास किती दिवस लागतात हा अदमास त्यांनी बरोबर बांधून त्याला धर्माचे कुंपण घातले होते. त्या दिवसांत सून पाण्याचा तांब्या उचलीत नाही व त्याबद्दल कोणी तिला आळशी म्हणत नाही, कारण पाळण्यात कारण निजलेले असते.

आमच्या पाळण्यात काय होते? साठी उलटलेल्या बाईच्या विश्रांतीस घरात नाव नाही. पहिला आठवडा सर्वजण उशापाशी येतात. दुसऱ्या आठवड्यात ‘आता बरीच तरतरीत दिसतेस’ असे म्हणतात. तिसऱ्यात कोणी काही म्हणत नाही, पण कोथिंबीर निवडावयास समोर येते. मग कणीक मळावयाची परात. मग ‘जरा कुकर उतरवता का, माझे हात पिठाचे आहेत’. ह्यात कोणाचाही दुष्टपणा नाही. किंबहुना आम्हीच त्याची वाट पाहत असतो, कारण बसून खाणारी म्हातारी होण्याचे भय शस्त्रक्रियेच्या भयाहून मोठे आहे.

ते ‘कुकर उतरवता का’ एकविसाव्या दिवशी आले. आम्ही उठत होतो, तोच आतून सासूबाईंचा आवाज आला, “तिचा सव्वा महिना व्हायचाय अजून!” स्वयंपाकघर क्षणभर स्तब्ध झाले. पोळ्यांना येणाऱ्या बाई हसू लागल्या, सुनेने जीभ चावली आणि हात धुऊन कुकर स्वतः उतरविला. त्या दिवसापासून तो शब्द घरात चालू झाला. नातू येणाऱ्याजाणाऱ्यास सांगे की आजीचा सव्वा महिना आहे. बाळ कोठे आहे असे कोणी विचारल्यास त्याची पंचाईत होई. यजमान सकाळचे दूध तापवू लागले. भावजी, ज्यांनी आयुष्यात स्वतःचे ताट उचलले नव्हते, ते पाण्याचे पिंप भरू लागले. थोडे सांडीत, पण भरू लागले. गौरी आल्या तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. सोळा भाज्यांच्या अकराच झाल्या, पुरण थोडे पातळ झाले, आणि आम्ही खुर्चीत बसून नुसते पाहिले. पाहणे कठीण गेले.

मधल्या काळात, बाराव्या दिवशी, अंतिम अहवाल आला होता. अस्तराच्या एका कोपऱ्यात कर्करोगाचा आरंभ सापडला. परंतु तो अस्तरापुरताच होता, स्नायूत उतरलेला नव्हता. पुढील उपचाराची गरज नाही, दर काही महिन्यांनी तपासणीस यावे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, “दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर?” यजमानांनी उत्तर दिले नाही, त्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला. त्यावर सासूबाई देवापाशी गेल्या व बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

‘आतून पोकळ वाटतं का?’ असे दोघी-तिघींनी हळूच विचारले. शरीरास पोकळी कळत नाही. आतडी त्या जागी सरकून बसतात व काम चालू राहते. रडू मात्र दोन-तीन वेळा आले, तेही असंबद्ध निमित्ताने: एकदा रस्त्याने जाणाऱ्या शाळेच्या बसमुळे, एकदा आंबेमोहोराच्या वासाने. त्याचे फार विश्लेषण करावे असे आम्हास वाटले नाही.

बेचाळिसावा दिवस उलटल्यावर एके दुपारी धाकट्या जाऊबाई आमच्या खोलीत आल्या, दार लावून घेतले, आणि बराच वेळ चादरीची घडी सारखी करीत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, माझं अंग बाहेर येतं. चार वर्षं झाली. खोकला आला की कळतं.” चार वर्षे त्या आमच्या शेजारी बसून पोळ्या लाटीत होत्या, पिंप भरीत होत्या! “आता माझीही काढतील का?” हा त्यांचा प्रश्न.

काढतीलच असे नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. अंग उतरल्यास काहींना ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम पुरतात, काहींना सिलिकोनची कडी बसवितात, काहींना शस्त्रक्रिया लागते. आणि गर्भाशय न काढता ते वर उचलून बांधण्याच्या ज्या रीती जगात निघाल्या त्यांपैकी दोन आपल्या मुंबईच्या आहेत, एक शिरोड्यास जन्मलेल्या डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकरांची व दुसरी पुरंदऱ्यांच्या नावाची. त्यांच्या वयास कोणती योग्य हे तपासल्यावर ठरेल. जाऊबाईंनी विचारले, हे भावजींना कोण सांगणार? आम्ही म्हटले, जो पिंप भरतो त्याला सांगण्यास हरकत नसावी. त्या प्रथमच हसल्या. येत्या मंगळवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. आम्ही दोघी जाणार आहोत, आणि पोळ्यांच्या बाईंना त्या दिवशी थोडे लवकर यावयास सांगितले आहे.